घर नाशिकहून पुण्याला आलं, लायसन्स आलं नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मिस्टरांची बदली झाली म्हणून मे महिन्यात आम्ही नाशिकहून पुण्याला भाड्याच्या घरात आलो. सामान लावून झालं तेव्हा लक्षात आलं, की माझं ड्रायव्हिंग लायसन्स कुठेच नाही. कपाटाच्या खणात जुनी पर्स होती, तिच्यात ते असायचं. ती पर्सच मिळत नाही. लायसन्स २००९ चं, नाशिकचं, लग्नाआधी काढलेलं. त्यावर माहेरचं नाव आणि माहेरचाच पत्ता. आधारवर सासरचं नाव, पत्ता नाशिकच्या आमच्या घराचा, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर तर मी तीन वर्षांपूर्वीच बंद केला. इथला भाडेकरार मिस्टरांच्या नावावर आहे. मुलीला शाळेत सोडायला रोज स्कूटर काढावी लागते आणि चौकात पोलीस दिसला की छातीत धस्स होतं. ओळखीतला एक एजंट साडेतीन हजार मागतोय, ‘काही करू नका, सगळं करून देतो’ म्हणतो. नाशिकला जावं लागेल का? पोलिसात तक्रार द्यायची का? सुरुवात कुठून करू, तेच कळत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यातला अर्धा भाग माझ्याच घरात घडलेला आहे. मी एकोणीस वर्षं एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये कागदपत्रांचं काम केलं. कच्चं लायसन्स, पक्कं लायसन्स, नूतनीकरण, दुय्यम प्रत, सगळ्यांचे अर्ज माझ्या हातून जायचे. तरी स्वतःचं लायसन्स घर बदलताना हरवलं तेव्हा मी घाई केली. आधी दुय्यम प्रत मागवू, पत्त्याचं नंतर सावकाश बघू, असा विचार करून अर्ज टाकला. अर्ज मंजूर झाला, कार्ड छापलं गेलं आणि स्पीड पोस्टाने निघालं ते थेट जुन्या घरी. तिथे नवे भाडेकरू होते. पोस्टमनने नाव विचारलं, त्यांनी ‘इथे कोणी राहत नाही’ म्हणून सांगितलं, पाकीट परत गेलं. ते मिळवायला मला पुढे अडीच महिने लागले, आणि मग पत्त्यासाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी. म्हणून तुम्हाला सांगते, यात अवघड काही नाही, फक्त क्रम चुकवू नका.

अर्ज करण्याआधी एक संध्याकाळ घर नीट शोधा. हे मी कळकळीने सांगते. सामान हलवताना छोट्या वस्तू जिथे जागा मिळेल तिथे कोंबल्या जातात. आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं लायसन्स सहा महिन्यांनी गव्हाच्या पिंपात सापडलं होतं. रिकामं पिंप आहे म्हणून टेम्पो भरणाऱ्या मुलांनी त्यात पर्स, चष्मा, रिमोट सगळं टाकलं होतं. कुकरच्या आत, गाद्यांच्या घडीत, मुलीच्या शाळेच्या जुन्या दप्तरात, देवघराच्या खणात हात घालून बघा. दुय्यम प्रत घेताना ‘हरवलं आहे’ असं तुम्ही लिहून देता, म्हणून आधी खात्री करायची. आणि नवं कार्ड आल्यावर जुनं सापडलं तर ते परिवहन कार्यालयात जमा करायचं. दोन्ही जवळ ठेवायची नाहीत.

नाहीच सापडलं, तर पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे लायसन्सचा नंबर. कार्ड गेलं तरी नंबर असला की सगळे दरवाजे उघडतात. तुमचा नंबर एमएच १५ ने सुरू होत असणार, कारण १५ हा नाशिकचा क्रमांक. त्यापुढे २००९ हे वर्ष आणि पुढे सात आकडे. हे सात आकडे पाठ असणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण ते कुठे ना कुठे लिहिलेले असतात. स्कूटर घेताना शोरूमला दिलेली झेरॉक्स, विम्याचा एखादा क्लेम केला असेल तर त्याची फाइल, जुन्या नोकरीच्या ठिकाणी दिलेली कागदपत्रं, कधी दंड भरला असेल तर त्याची पावती, सिमकार्ड घेताना ओळखीचा पुरावा म्हणून दिलेली प्रत. मोबाइलमध्ये फोटोंच्या गर्दीत एखाद्या वेळी कोणाला पाठवलेला फोटो असतो. व्हॉट्सॲपवर मिस्टरांशी झालेल्या चॅटमधले जुने फोटो चाळा. माहेरी आईकडे विचारा. लग्नाआधीच्या कागदांची प्लास्टिकची फाइल बहुतेक आयांनी जपून ठेवलेली असते. तुम्ही ज्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधून शिकलात, ते चालू असेल तर तिथेही विचारायला हरकत नाही. आम्ही रजिस्टर वर्षानुवर्षं ठेवत होतो.

नंबर मिळाला की केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर तो आणि जन्मतारीख टाकून तुमची नोंद बघा. लायसन्सचं सगळं काम आता ‘सारथी’ नावाच्या प्रणालीतून चालतं. तिथे नोंद दिसली की मुदत कधीपर्यंत आहे तेही दिसेल. २००९ मध्ये खाजगी गाडीचं लायसन्स वीस वर्षं किंवा वयाची पन्नास वर्षं, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत मिळायचं. म्हणजे तेव्हा तुम्ही विशी-बाविशीत असाल तर तुमचं २०२९ पर्यंत चालेल. दुय्यम प्रतीने मुदत वाढत नाही, हे लक्षात ठेवा. नवीन कार्डावर जुनीच तारीख येते. मुदत संपायला एक वर्षाच्या आत आलं असेल तर मात्र नूतनीकरण याच अर्जात उरकून घ्या.

आता पोलिसांचं. चोरी झाली असं वाटत असेल तर ठाण्यात जाऊन तक्रार द्या. पण तुमच्या पत्रावरून वस्तू गहाळ झालेली दिसते. त्यासाठी ठाण्यात ताटकळायची गरज नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या वस्तूंची नोंद घरबसल्या करता येते. ही नुसती नोंद असते, तिच्यावर तपास होत नाही. तिची प्रत काढून ठेवा, अर्जाला जोडायला लागते. पर्समध्ये आधारची झेरॉक्स किंवा बँकेचं कार्ड असेल तर तेही त्यात लिहा आणि बँकेचं कार्ड त्याच दिवशी बंद करा. हरवलेलं लायसन्स हा कोणाच्या तरी हातातला तुमच्या नावाचा ओळखपत्राचा कागद असतो. उद्या त्याचा गैरवापर झाला तर तारखेसकट केलेली ही नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

यापुढचा भाग तुमच्या बाबतीत खरा गुंता आहे, म्हणून सावकाश वाचा.

लायसन्सच्या अर्जाआधी आधार नीट करा. सुरुवात मोबाइल नंबरपासून. बंद नंबरवर ओटीपी जात राहणार आणि तुम्ही पडद्यासमोर बसून राहणार. नंबर बदलायला अंगठा द्यावा लागतो, म्हणून आधार केंद्रावर किंवा टपाल कार्यालयात जावं लागेल. जाणं जमत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो. जवळच्या टपाल कार्यालयात विचारा.

मग पत्ता. भाडेकरार मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणून बायकोच्या नावाचा एकही कागद नाही, ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली. यावर उपाय आहे. आधी मिस्टरांनी आपल्या आधारवर पुण्याचा पत्ता करून घ्यायचा. त्यासाठी भाडेकरार नोंदणीकृत असावा. तसाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे; मालक टाळाटाळ करत असतील तर हे त्यांना शांतपणे सांगा. मिस्टरांचा पत्ता बदलला की ‘कुटुंबप्रमुख’ या पर्यायातून तुमचा बदलता येतो. २०२३ पासून ही सोय ऑनलाइन आहे. तुम्ही विनंती टाकायची, नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा, आणि मिस्टरांनी आपल्या लॉगिनमधून तीस दिवसांच्या आत संमती द्यायची. तीस दिवस उलटले तर विनंती बंद होते आणि भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून दोघांनी एकाच संध्याकाळी शेजारी बसून करा.

राहिलं नाव. लायसन्सवर माहेरचं, आधारवर सासरचं. यामुळे तुम्हाला दोन ठिकाणी अडेल. एक, डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं मोबाइलमध्ये ठेवायची सरकारी सोय. त्यात लायसन्स आणायला गेलात तर आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही असं सांगून ते थांबेल. दोन, घरबसल्या सेवा. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने आधार पडताळणीवर चालणाऱ्या अठरा सेवा सुरू केल्या, त्यात दुय्यम लायसन्स आणि पत्ताबदल दोन्ही आहेत, कार्यालयात न जाता. पण ही सोय नाव जुळणाऱ्यांना सुखाची. तुम्ही परिवहन कार्यालयात एक फेरी धरून चला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. अनेक बायका मला विचारायच्या, ‘बदलू की नको?’ मी म्हणायचे, तुम्हाला हवं ते ठेवा, पण सगळीकडे एकच ठेवा. तुमच्या आधारवर, आणि बहुधा बँकेतही, सासरचं नाव आहे. तेच ठेवायचं असेल तर लायसन्सवरही आता करून घ्या. माहेरचं नाव परत आधारवर आणायचं असेल तर तेही करता येतं, मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून नीट विचार करून. आणि आधारवर नाव लिहून घेताना पडद्यावरचं स्पेलिंग स्वतः वाचा. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. त्या एका मधल्या नावापायी मी लोकांना परत परत खेटे घालताना पाहिलंय.

एवढं झालं की सारथीवर बसा. राज्य महाराष्ट्र निवडा, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जा, नंबर आणि जन्मतारीख टाका. तुमची माहिती दिसते, ती बरोबर आहे म्हणून होकार द्यायचा, आणि सध्या जिथे राहता त्या भागाचं परिवहन कार्यालय निवडायचं. तेव्हा पुण्याचं निवडा, नाशिकला जायची गरज नाही. मग एक लांबलचक यादी उघडते, प्रत्येक सेवेपुढे छोटा चौकोन. बहुतेक जण इथे एकच चौकोन टिचकवून पुढे जातात. मीही तेच केलं होतं. तुम्ही तीन टिचकवा : दुय्यम लायसन्स, पत्ता बदल, नाव बदल. तिन्हींचा मिळून एकच अर्ज होतो, एकच क्रमांक मिळतो आणि कार्ड नव्या नावाने, नव्या पत्त्यावर येतं. पत्त्याच्या रकान्यात विंग, मजला, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा, कारण त्याच मजकुराची चिठ्ठी पाकिटावर चिकटते. सोसायटीच्या खाली पत्रपेटीवर मिस्टरांचं नाव असेल तर तुमचंही लिहून ठेवा. पोस्टमन पाकिटावरचं नाव बघतो.

फी पडद्यावर दिसते, तिथेच भरायची, पावती लगेच निघते. कार्यालयात बोलावलं तर पोलीस नोंदीची प्रत, आधार, विवाहाचा दाखला, भाडेकरार, सगळ्याचे मूळ कागद न्या. लायसन्सचा नंबर पुण्यात आल्यावर एमएच १२ होत नाही. एमएच १५ च राहतो. ते पाहून चुकीचं कार्ड आलं समजू नका.

एजंटाला साडेतीन हजार देऊ नका. तो तुमच्यासाठी हेच चौकोन टिचकवणार, आणि त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर टाकला तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जाणार. आधारचं काम तर त्याला करताच येत नाही, अंगठा तुमचाच लागतो. स्वतःला जमत नसेल तर भाचा-पुतण्या, शेजारची कॉलेजची मुलगी, कोणालाही शेजारी बसवा. फक्त पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना ते बघा, कारण दिसायला अगदी सारखी खोटी संकेतस्थळंही आहेत.

आता स्कूटर. कार्ड हरवलं म्हणून तुमचा गाडी चालवायचा परवाना रद्द होत नाही. पण पोलिसाने मागितल्यावर तो दाखवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे तुमच्यावर बंधनकारक आहे. विनापरवाना चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये आहे, आणि परवाना आहे हे तुम्हाला सिद्ध करता आलं पाहिजे. डिजिलॉकरमधलं लायसन्स २०१८ पासून कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. मोबाइलमधला नुसता फोटो नाही, आणि अर्जाची पावतीही नाही. तुमचं नाव जुळत नाही तोवर डिजिलॉकरचा रस्ता बंद. म्हणून माझं ऐकाल तर कार्ड येईपर्यंत मुलीला शाळेच्या रिक्षाने किंवा मिस्टरांबरोबर पाठवा. मला ठाऊक आहे, सकाळच्या घाईत हे किती अवघड आहे. पण मुलगी मागे बसलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सच मागते.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे. आई गेल्यावर गावचं घर बंद करून ते आमच्याकडे ठाण्याला राहायला आले. त्यांचं लायसन्स जुनं, पुस्तकासारखं, हाताने लिहिलेलं. गाव सोडताना कुठेतरी पडलं. झेरॉक्स आहे, पण संकेतस्थळावर नंबर टाकला तर नोंदच सापडत नाही. त्यांना सकाळी स्कूटरवरून मंडईत जायची फार हौस आहे. आता नवीनच काढावं लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, झेरॉक्स जपलीत हे फार चांगलं केलंत. त्या काळातली पुस्तकं रजिस्टरवर हाताने नोंदवली जायची आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदी सारथीवर चढलेल्या नाहीत. ही नोंद चढवून घेण्याला कार्यालयात ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. ती ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथल्या रजिस्टरवरून होते. त्यामुळे तुमच्या बाबतीत गावाकडच्या कार्यालयाशी संपर्क करणं टळणार नाही. वडिलांना एवढा प्रवास नको असेल तर तुम्हीच झेरॉक्स घेऊन आधी एकदा जाऊन या, रजिस्टरमधलं पान सापडतंय का ते बघा.

पण त्याआधी झेरॉक्सवर शेवटच्या नूतनीकरणाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे ते वाचा. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. मुदत संपून एक वर्षाच्या आत असेल तर नुसतं नूतनीकरण होतं. वर्ष उलटून गेलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा ठरलेला नमुना आहे, ‘१ ए’. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. नुसत्या सहीपुरतं नको, नीट तपासणी करून घ्या. मोतीबिंदू पिकत आला की समोरच्या गाडीचा दिवा पसरून दिसतो आणि माणसाला वाटतं, रस्त्यावरच्या लोकांचे दिवे वाढलेत.

पत्त्यासाठी त्यांच्या नावाचा कागद नसेल, तर तुमच्या आधारवरून कुटुंबप्रमुख या पर्यायाने त्यांचा पत्ता बदलता येईल. अठरा वर्षांवरचा कोणीही यासाठी कुटुंबप्रमुख होऊ शकतो, म्हणजे मुलगा वडिलांचाही. नात्याचा कागद नसेल तर आधार प्राधिकरणाच्या नमुन्यात तुम्ही स्वयंघोषणा देऊ शकता.

गाडी चालवायला डॉक्टर नको म्हणाले, तर ते वडिलांना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू द्या. आणि मंडईला त्यांच्याबरोबर चालत जा, आठवड्यातून दोनदा तरी. गाव, आई आणि स्कूटर एकाच वर्षात सुटणं फार होतं हो.

प्रश्न : आमचं लायसन्स हरवलेलं नाही, फक्त घर बदललंय. पत्ता बदलायची घाई आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लायसन्सआधी गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राकडे, म्हणजे आरसीकडे बघा. घर बदलल्यावर तीस दिवसांच्या आत नवा पत्ता कळवावा असं कलम ४९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. त्याचा अर्ज नमुना क्रमांक ३३. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी मागून ठेवा, तिथेच दिवस जातात. त्याच बैठकीत आरसीवर तुमचा चालू मोबाइल नंबर जोडा, कारण ई-चलनाचा मेसेज त्यावरच येतो. आणि चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादं ॲप डाउनलोड करायला सांगणारी फाइल आली तर ती उघडू नका. खरं चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.